‘रिटायर’ : मागे कोण ओढतं?

‘साहेब यंदा रिटायर होतायत’ हे आपल्या इतकं तोंडात बसलंय की तो शब्द परका वाटतच नाही. मुळात तो फ्रेंच. ‘रे’ म्हणजे मागे, ‘तिरे’ म्हणजे ओढणे. सोळाव्या शतकात तो इंग्रजीत आला तेव्हा मागे हटणाऱ्या फौजेबद्दल वापरत. कामधंदा सोडण्याचा अर्थ त्याला पुढच्या शतकात चिकटला.

मराठीने त्यासमोर ‘निवृत्ती’ ठेवला. हा शब्द फार जुना आणि फार वजनदार. गीतेत तो प्रवृत्तीच्या जोडीने येतो, ज्ञानेश्वरांच्या थोरल्या भावाचं आणि गुरूंचं नाव तेच. मन आपणहून माघारी वळणं, ही त्यातली खूण. सरकारी दप्तराने पुढे ‘सेवा’ जोडली आणि कर्ताच पालटला: ‘सेवानिवृत्त करण्यात येत आहे.’ मग नियत वयोमानाची एक, सक्तीची एक आणि ‘स्वेच्छा’ अशी आणखी एक निवृत्ती. जी स्वेच्छेनेच व्हायची, तिच्यामागे स्वेच्छा लावावी लागते, हे मला खटकत आलंय.

वयाचा आकडाही बाहेरूनच ठरतो. जर्मनीत १८८९च्या कायद्याने वृद्धांना पेन्शन दिलं ते सत्तरीला. १९१६मध्ये ते वय ६५ झालं. आपल्या केंद्र सरकारी नोकरीत ५५चे ५८ झाले १९६२मध्ये, ६० झाले १९९८मध्ये. महाराष्ट्रात बहुतेकांना अजून ५८च. साठ करा, ही कर्मचाऱ्यांची मागणी जुनी आहे. नोकरीची वाट पाहणाऱ्या मुलांचा विरोधही तितकाच जुना.

पण खरा गुंता १ जूनचा. एका पिढीची जन्मनोंद घरात नव्हतीच. शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजी दाखल्यावर १ जून टाकून मोकळे व्हायचे. नियम असा की वय भरेल त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्ती. मात्र कायद्याच्या हिशेबात वय वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच पूर्ण होतं, म्हणून एक तारखेला जन्मलेला मागच्याच महिन्याअखेर घरी जातो. २ जूनवाल्याला ३० जूनपर्यंत पगार, १ जूनवाल्याला ३१ मेपर्यंत. गुरुजींच्या एका टाकाने पूर्ण महिना गेला, आणि हा अन्याय आहे असं मी म्हणेन.

म्हणूनच ३१ मेला कचेऱ्यांत एकेका टेबलाभोवती तीन-तीन हार दिसतात. त्यातल्या एखाद्याची आई सांगत असते, ‘हा तर पोळ्याच्या दिवशी झाला.’