कॉइलओव्हर

कॉइलओव्हर : मोटारगाडीच्या शॉकॲब्झॉर्बरभोवतीच गुंडाळीची स्प्रिंग बसवून केलेला एकत्रित संच. शॉकॲब्झॉर्बरच्या नळीवर आटे पाडलेले असतात. त्यावर स्प्रिंगची बैठक वरखाली फिरवून गाडीची उंची बदलता येते. स्पोर्टी गाड्यांचे मालक हा संच मूळ सस्पेन्शनच्या (चाके आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणाऱ्या, धक्के झेलणाऱ्या यंत्रणेच्या) जागी बसवून घेतात, बहुतेकदा गाडी खाली आणण्यासाठी. मात्र निवडीची सुरुवात उंचीपासून केली की पुढचे सगळे निर्णय चुकत जातात.

स्प्रिंग वजन पेलते आणि धक्क्याची ऊर्जा साठवते. शॉकॲब्झॉर्बर ती ऊर्जा तेलाच्या घर्षणातून उष्णतेच्या रूपात घालवतो. वळणावर गाडी किती कलेल हे स्प्रिंग आणि अँटीरोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून कलणे रोखणारी दांडी) ठरवतात. ती किती झटकन कलेल आणि कितव्या हेलकाव्याला स्थिरावेल, हे शॉकॲब्झॉर्बरच्या हाती असते. स्प्रिंगचा कडकपणा दुप्पट केला, तर तोच ताबा राखायला शॉकॲब्झॉर्बरचा विरोध सुमारे १.४ पट लागतो. मूळ शॉकॲब्झॉर्बर तसाच ठेवून नुसत्या आखूड, कडक स्प्रिंगा घातलेली गाडी म्हणूनच उसळत राहते.

स्प्रिंगच्या कडकपणाचा आकडा न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये देतात, जपानी उत्पादक किलोग्रॅम प्रति मिलिमीटरमध्ये. हा आकडा एकटा फसवा आहे. चाक १० मिमी उचलले असता स्प्रिंग ७ मिमीच दबत असेल, तर १०० च्या स्प्रिंगचा कडकपणा चाकापाशी ४९ एवढाच भरतो, कारण त्या गुणोत्तराचा वर्ग लागू होतो. म्हणून दुसऱ्या मॉडेलच्या गाडीचा आकडा उचलून आपल्या गाडीला लावता येत नाही. तुलना करायची ती कंपनवारंवारतेची, म्हणजे स्प्रिंगांवर गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली हेलकावते याची. आरामदायी गाड्यांत ती साधारण १ ते १.५ हर्ट्झ, रस्त्यावरच्या स्पोर्टी गाडीत १.५ ते २ हर्ट्झ, ट्रॅकच्या गाडीत त्याहून अधिक. १ हर्ट्झला स्थिर गाडीच्या वजनाने चाकापाशी मोजलेले दबणे सुमारे २५ सेंमी असते, २ हर्ट्झला जेमतेम ६ सेंमी. इतकी कडक गाडी खड्ड्यावरून जाताना चाक खाली पोहोचत नाही आणि रस्ता सुटतो.

माझदा एमएक्स-५ हे यातले बोलके उदाहरण. १९८९ मध्ये आलेल्या पहिल्या पिढीच्या या हलक्या गाडीला चारही चाकांवर डबल विशबोन (चाक वर-खाली दोन आडव्या भुजांनी धरणारी रचना) आहे आणि स्प्रिंग कारखान्यातूनच शॉकॲब्झॉर्बरभोवती बसलेली आहे. तिथे कॉइलओव्हर घालून रचना बदलत नाही. सुधारणा होते ती आतल्या व्हॉल्व्हच्या दर्जामुळे. या गाडीत चाकाचा वरच्या दिशेचा प्रवास मुळात कमी. ती फार खाली आणली की वळणातच रबरी बंप स्टॉप (चाकाचा वरचा प्रवास थांबवणारे ठोकळे) टेकतात, गाडीच्या त्या टोकाचा, पुढच्या किंवा मागच्या, कडकपणा एकदम वाढतो आणि टायरची पकड अचानक सुटते. मॅकफर्सन स्ट्रटच्या (वरच्या भुजेऐवजी शॉकॲब्झॉर्बरच चाकाला धरतो अशा रचनेच्या) गाड्यांत वेगळीच अडचण येते: गाडी खाली आणली की रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरते, आणि स्प्रिंग तीच असेल तर गाडी वळणावर अधिक कलते.

एकनळी शॉकॲब्झॉर्बरमध्ये तरंगता पिस्टन तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन वेगळे ठेवतो, त्यामुळे तेल फेसाळत नाही. फ्रेंच अभियंता द कार्बाँ यांच्या रचनेवरून बिल्स्टाइनने १९५७ मध्ये मर्सिडीज-बेंझसाठी असे शॉकॲब्झॉर्बर बनवले. एका नळीत दुसरी नळी असलेला दुनळी प्रकार स्वस्त पडतो आणि बाहेरून पोचा आला तरी बहुधा चालतो. चांगल्या घडणीचा असला तर तो मुळीच कमी प्रतीचा नाही. शॉकॲब्झॉर्बरचा विरोध कमीजास्त करणाऱ्या खुंटीला किती ‘क्लिक’ (टप्पे) आहेत यापेक्षा उत्पादकाकडे बल आणि वेग यांचा डायनो आलेख (चाचणी यंत्रावर मोजलेला) मागावा. आलेख न देणाऱ्या उत्पादकाचा ३२ क्लिकचा संच घेण्यापेक्षा मूळ उंचीच्या स्प्रिंगा आणि कोनी किंवा बिल्स्टाइन अशा उत्पादकांचे चांगले शॉकॲब्झॉर्बर घेणे बहुसंख्य चालकांच्या हिताचे आहे.

भारतात उंचीची मर्यादा रस्ताच घालतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मी. रुंद असतो, गल्लीतले अनेक गतिरोधक याहून अरुंद आणि उभट असतात.

बसवताना बुशांचे (सांध्यांतल्या रबरी अस्तरांचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, तिच्या नेहमीच्या उंचीला आवळावेत. लिफ्टवर लोंबकळत आवळले तर रबर पिळलेले राहते आणि लवकर फाटते. नंतर व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करणे आवश्यकच. कोकण किनाऱ्यासारख्या खाऱ्या हवेत आट्यांवर क्षार साचून स्प्रिंगची बैठक जागेवर धरणाऱ्या कड्या जाम होतात, म्हणून तिथे गंजरोधक नळीचा संच घ्यावा आणि पावसाळ्याआधी आटे धुऊन त्यांना गंजरोधक लेप द्यावा.