रूळ दुचाकी बंद पाडत नाहीत
रेल्वे जवळ आली की रुळांत चुंबकत्व येतं आणि फाटकातली मोटारसायकल बंद पडते, हा समज जुना आहे, पण खोटा. इंजिन बंद पडतं ते वरच्या गिअरमध्ये वेग उतरल्यामुळे. डबलसीट असेल तर आणखी लवकर. फाटकाआधीच पहिला किंवा दुसरा गिअर टाका, रुळांवर बदलू नका आणि रूळ काटकोनात ओलांडा.

तरी बंद पडलीच, तर मागच्याने लगेच उतरायचं. स्टार्टर दाबत बसण्यात अर्थ नाही: ताशी 100 किलोमीटरने येणारी रेल्वे सेकंदाला 28 मीटर कापते. पळायचं रुळांपासून लांब, पण रेल्वे येतेय त्याच बाजूला तिरपं. उलट वाटेल, पण धडकलेल्या दुचाकीचे तुकडे रेल्वेच्या पुढच्या दिशेने उडतात.