'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड': १९६७चा आणि २०१५चा

थॉमस हार्डी यांच्या १८७४ सालच्या कादंबरीवरून याच नावाचे दोन मोठे चित्रपट निघाले आहेत. नाव एक, कथा एक आणि चित्रीकरणाचा इंग्लंडमधला डॉर्सेट परगणाही एकच असल्याने, एकाविषयी वाचून दुसराच लावून बसण्याची चूक सहज होते. जॉन श्लेसिंजर यांच्या १९६७च्या चित्रपटात बाथशेबा एव्हरडीन ही ज्युली क्रिस्टी आहे, तर टॉमस व्हिंटरबर्ग यांच्या २०१५च्या चित्रपटात कॅरी मलिगन. चुलत्याच्या मागे वारशाने आलेली शेती स्वतः चालवणारी तरुणी आणि तिच्या आयुष्यात आलेले मेंढपाळ गेब्रियल ओक, प्रौढ जमीनदार बोल्डवुड व सार्जंट ट्रॉय हे तिघे पुरुष, एवढे दोन्हीकडे सारखे आहे.

खरा फरक वेळेच्या हिशेबात आहे. जुना चित्रपट पावणेतीन तासांहून किंचित मोठा आहे, नवा दोन तासांच्या आत संपतो. जुन्याने हा जास्तीचा वेळ गावाला आणि ट्रॉयला दिला. निकोलस रोग यांचा कॅमेरा माळ, मेंढ्या आणि राबणारी माणसे यांच्यावर निवांत थांबतो, त्यामुळे शेतीचे वर्षच कथेला पुढे नेत आहे असे वाटते. बुडून मेला असे सर्वांनी गृहीत धरलेला ट्रॉय फिरत्या खेळात दरोडेखोराचे सोंग घेऊन उभा राहतो, तो कादंबरीतला प्रसंग इथे आहे. नव्या चित्रपटात तो गाळला आहे. माझ्या मते हे नुकसान मोठे आहे, कारण टेरेन्स स्टॅम्पचा ट्रॉय पाहताना बाथशेबा का भुलली हे समजते, तर नव्यातला ट्रॉय येतो आणि जातो. (ट्रॉयची आधीची प्रेयसी फॅनी चुकीच्या चर्चमध्ये जाऊन थांबते आणि ट्रॉयशी तिचे लग्न मोडते, ते दोन चर्चच्या सारख्या नावांमुळेच, नावांच्या गोंधळाची किंमत या कथेइतकी क्वचितच कुठे मोजली गेली असेल.)

ट्रॉय बाथशेबाला आपले तलवारीचे कसब दाखवतो, त्या प्रसंगावरून दोन्ही चित्रपट चटकन ओळखता येतात. हार्डी यांनी तो नेच्यांनी वेढलेल्या खोलगट जागेत घडवला होता. श्लेसिंजर यांनी तो मेडन कॅसल या प्राचीन टेकडी-किल्ल्याच्या उघड्या, हिरव्या तटांवर नेला. व्हिंटरबर्ग नेच्यांच्या रानात परतले आणि प्रसंग जवळचा, कोंडलेला झाला.

नव्या चित्रपटाचे बळ मात्र बाथशेबाच्या मनात आहे. आरंभीच तिचा स्वतःचा आवाज ऐकू येतो: आईवडील लहानपणीच गेल्याने आपल्या या विचित्र नावाचा उगम विचारायलाही कोणी उरलेले नाही, आणि एकटे राहण्याची आपल्याला सवय झाली आहे, असे ती सांगते. पुढे भोजनाच्या प्रसंगी ती गाऊ लागते आणि बोल्डवुड झालेला मायकेल शीन संकोचत तिच्या सुरात सूर मिसळतो, तेव्हा त्या माणसाचे एकटेपण कोणत्याही संवादाविना आपल्यापर्यंत पोहोचते. जुन्यातही ती भोजनाच्या वेळी गाते, पण तिथे ते गाणे साऱ्या गावाच्या मेळाव्याचे आहे.

शेवटही निराळे आहेत. नव्यात गाव सोडून निघालेल्या गेब्रियलला बाथशेबा वाटेत गाठते आणि उघड्या आकाशाखाली दोघे एकमेकांचे होतात. जुन्यात लग्न होऊन दोघे घरात बसलेले असतात, आणि ट्रॉयने दिलेल्या घड्याळातला छोटा शिपाई अजूनही त्याच घरात असतो.