इजिप्तचे पहिले राष्ट्राध्यक्ष नासर नव्हेत

नेहरू आणि युगोस्लाव्हियाचे टिटो यांच्यासोबतच्या फोटोंमुळे गमाल अब्देल नासर आपल्याकडे घरोघरी माहीत झाले आणि 'इजिप्तचे पहिले राष्ट्राध्यक्ष' हे बिरूदही त्यांनाच चिकटलं. ते चूक आहे. पहिले राष्ट्राध्यक्ष जनरल मोहम्मद नगीब.

1952 च्या जुलैमध्ये लष्कराने राजे फारूक यांना पदच्युत केलं, तेव्हा उठावाचा चेहरा नगीबच होते. 1948 च्या युद्धात जखमी झालेला हा अधिकारी सैन्यात लोकप्रिय होता. 18 जून 1953 रोजी प्रजासत्ताक जाहीर झालं आणि ते राष्ट्राध्यक्ष झाले.

'ते नुसते नामधारी होते' हेही सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. सैन्याने बराकीत परतावं, संसदीय राजवट यावी, असा त्यांचा आग्रह होता आणि उठावातलेच सहकारी असलेल्या नासर यांच्या गटाशी खटका उडाला तो त्यावरूनच. फेब्रुवारी 1954 मध्ये त्यांनी राजीनामा दिला, तर कैरोत लोक रस्त्यावर उतरले आणि दोन-तीन दिवसांत त्यांना परत आणावं लागलं. नामधारी माणसासाठी एवढं कोण करतं?

14 नोव्हेंबर 1954 ला मात्र त्यांना कायमचं हटवलं. कैरोबाहेर अल-मर्ग इथल्या एका बंगल्यात ते नजरकैदेत राहिले, कुत्र्या-मांजरांच्या सोबतीने. पाठ्यपुस्तकांतून त्यांचं नाव गाळलं गेलं. गैरसमजाचं मूळ तिथे आहे. नासर राष्ट्राध्यक्ष झाले ते जून 1956 मध्ये. नगीब यांची सुटका नासर यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष सादात यांच्या काळात झाली. 1984 मध्ये ते वारले, तेव्हा लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले. कैरो मेट्रोचं एक स्टेशन आज त्यांच्या नावाचं आहे.