एक घर, तीन इयत्ता : नियोजन-वही वापरणाऱ्या पालकांसाठी

आमच्या साताऱ्याच्या छापखान्यातून घरशाळेची, म्हणजे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवण्याची, नियोजन-वही घेतल्यावर बहुतेक पालक पहिला प्रश्न एकच विचारतात : "मुलं तीन आहेत, मग वही एकच कशी?" हे माहितीपत्रक त्या प्रश्नाचं उत्तर आहे. वही उघडण्याआधी ते एकदा सावकाश वाचावं, अशी विनंती.

सुरुवातीला आम्हीही प्रत्येक मुलाची वेगळी वही छापायचो आणि तीन वह्यांचा संच विकायचो. दिवाळीनंतर तेच ग्राहक भेटले की थोरल्याची वही भरलेली असायची, मधल्याची जुलैपर्यंत लिहिलेली आणि धाकट्याची जवळजवळ कोरी. पालक आळशी होते म्हणून असं झालं नव्हतं. तीन वह्या म्हणजे तीन वेळापत्रकं, आणि एका आईच्या दिवसात तीन वेळापत्रकं मावत नाहीत. तेव्हापासून आम्ही घराला एकच वही देतो. तिच्या प्रत्येक पानावर एक दिवस आहे आणि त्या दिवसात सगळी मुलं आहेत.

गुरुजी हे रोज करतात

ही रचना आमच्या डोक्यातून निघालेली नाही. पाटण, जावळीच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळा आहेत. पहिली ते चौथी चार इयत्ता आणि दोन शिक्षक. त्यातले एक बैठकीला तालुक्याला गेले की चारही इयत्ता एकाच्या पदरात. शिक्षण खात्याच्या भाषेत याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. अशा शाळेत एक दिवस मागे बसून पाहिलं तर घरशाळेची निम्मी चिंता मिटते. परिपाठ, गाणी, गोष्ट, परिसराची माहिती हे सगळ्यांचं एकत्र होतं. मग एक इयत्ता फळ्याजवळ येते, दुसरी पाटीवर उदाहरणं सोडवते, तिसरी जोड्या करून वाचते. शिक्षक चार ठिकाणी एकाच वेळी शिकवत नाहीत. ते एका ठिकाणी शिकवतात आणि बाकी तीन ठिकाणी काय चालेल हे त्यांनी आधीच ठरवलेलं असतं.

आमच्या वहीच्या पानावर म्हणूनच तीन पट्टे आहेत : सगळ्यात वर "सगळे मिळून", मध्ये "एकेकटे", खाली "अडलंय". शुक्रवारच्या पानावर पट्टेच नाहीत, नुसतं "राहिलेलं" असं लिहिलं आहे. त्या दिवशी नवीन काही घेऊ नये. आठवड्याचं नियोजन चारच दिवसांचं करावं, पाचवा दिवस आपोआप भरतो.

सगळे मिळून : पावसाचं उदाहरण

पालकांना सर्वांत जास्त अवघड वाटतो तो वरचा पट्टा. पाच वर्षांचं, नऊ वर्षांचं आणि तेरा वर्षांचं मूल एकच विषय एकत्र कसा शिकणार? म्हणून एक उदाहरण पूर्ण देतो. जुलै महिना आहे आणि विषय आहे पाऊस.

सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली वरून कापा आणि कापलेला भाग उलटा करून तिच्यात नरसाळ्यासारखा बसवा. बाटलीचा तळ उंचसखल असतो, म्हणून त्यात खडे आणि थोडं पाणी घालून पातळी सपाट करा आणि तिथे शून्याची खूण करा. त्या खुणेपासून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. झालं पर्जन्यमापक. गच्चीत किंवा अंगणात, झाडाच्या आणि पागोळ्यांच्या बाहेर ठेवा. रोज सकाळी आठला तिघांनी मिळून मोजायला जायचं आणि मोजून झालं की पाणी पुन्हा शून्यापर्यंत आणायचं.

पाच वर्षांचं मूल बाटली धरतं, "कालच्यापेक्षा जास्त की कमी" सांगतं आणि तेवढ्या रेघा मोजून चौकटीच्या वहीत रंगवतं. नऊ वर्षांचं मूल तारीखवार तक्ता करतं, महिनाअखेर स्तंभालेख काढतं, आठवड्याची बेरीज करतं. तेरा वर्षांच्या मुलाला विचारायचं की आपल्या छपरावर किती पाणी पडलं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ६० चौरस मीटरचं छप्पर आणि २० मिलिमीटर पाऊस असेल तर १२०० लिटर. हे गणित सोडवल्यावर घरातल्या टाकीकडे पाहण्याची मुलाची नजरच बदलते.

त्याच मुलाला पुढे नकाशा द्यायचा. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला माण तालुक्यात ५०० च्या आसपास. असं का? समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिते होतात. पलीकडे उतरताना ते कोरडे झालेले असतात. "पर्जन्यछाया" हा शब्द पुस्तकात एका ओळीत येतो. माणदेशी आजोळ असलेल्या मुलाला तो आजीच्या विहिरीवरून कळतो. तेरा वर्षांच्याने हे दोघा धाकट्यांना मातीचा डोंगर करून समजवायचं आणि त्या दिवशी आईने नुसतं ऐकायचं.

असाच बाजाराचा दिवस, पालखीचा मार्ग, घरातलं जुनं वीजबिल, किल्ल्याची सहल. इतिहास, भूगोल, विज्ञान, चित्रकला, गोष्टीची पुस्तकं या सगळ्यांना वरच्या पट्ट्यात जागा आहे. आठवड्याला एक विषय पुरतो. दोन घेतले की दोन्ही अर्धे राहतात.

एकेकटे : गणित आणि वाचन-लेखन

या दोन गोष्टी मात्र एकत्र घेऊ नका. गणिताला क्रम असतो. भागाकार पक्का नसलेल्या मुलाला अपूर्णांकांत ओढलं तर ते फक्त मान डोलवायला शिकतं. शिवाय धाकट्याने थोरल्याच्या आधी उत्तर दिलं की थोरला त्या विषयातून मनाने उठतो, आणि त्याला परत बसवायला महिने लागतात.

प्रत्येकाला आईचा किंवा बाबांचा वीस ते तीस मिनिटांचा हक्काचा वेळ द्या. त्या वेळात फोन नाही, कुकरची शिट्टी नाही, दुसऱ्या मुलाचा प्रश्नही नाही. क्रम आम्ही असा सुचवतो : आधी धाकटा, मग मधला, शेवटी थोरला. धाकट्याला "थांब" म्हटलं की तो तासभर लुडबुड करतो. आधी पोटभर लक्ष मिळालं की ठोकळे घेऊन स्वतःच खेळत बसतो. थोरला थांबू शकतो, आणि वाट पाहताना स्वतः वाचून काढणं हा त्याच्या शिक्षणाचाच भाग आहे.

हरवतो तो मधला. थोरल्याची परीक्षा असते, धाकट्याचं रडणं असतं, आणि मधला शहाण्यासारखा गप्प असतो. महिन्यातून एकदा मागची पानं चाळून त्याच्या नावापुढे किती नोंदी आहेत, ते मोजा.

वाट पाहताना काही अडलं तर मुलाने उदाहरणाभोवती गोल करावा, खालच्या पट्ट्यात "अडलंय" मध्ये क्रमांक लिहावा आणि पुढच्या उदाहरणाकडे जावं. मध्येच हाक मारायची नाही. हे अंगवळणी पडायला दोन-तीन आठवडे जातात, तेवढे द्या. आणि तुमची पाळी आली की त्या गोलांपासूनच सुरुवात करा, नाहीतर मूल गोल करणं सोडून देईल.

थोरल्या मुलीबद्दल एक मनापासूनची विनंती

पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं, तेव्हा त्यांना एक अडचण रोज दिसत होती. मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहायच्या आणि शाळेला मुकायच्या. म्हणून तिथल्या "विकासवाडी" या त्यांच्या केंद्रात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. धाकट्याची सोय झाली की थोरली शिकायला मोकळी.

घरशाळेत हेच उलटं होताना आम्ही पाहिलं आहे. अकरा-बारा वर्षांची मुलगी धाकट्याला अक्षरं गिरवायला बसवते, त्याचं जेवण बघते, मधल्याचे पाढे घेते, आणि सगळे कौतुकाने म्हणतात, "ती आईच झाली आहे घरची." त्या वर्षी तिच्या स्वतःच्या रकान्यात काय लिहिलं गेलं, ते कुणी पाहत नाही. शिकवल्याने शिकवणारा शिकतो हे खरं, म्हणून भावंडांनी एकमेकांना शिकवावं. पण दिवसाला पंधरा मिनिटं, वाचून दाखवणं किंवा खेळ घेणं, इतकंच. धाकट्याचं काम तपासणं, त्याला रागावणं हे मोठ्या माणसांनी करायचं. थोरला मुलगा असेल तरी नियम हाच. मुलीच्या बाबतीत तो जास्त वेळा मोडला जातो, म्हणून वेगळं लिहिलं.

किती तास?

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळांसाठी पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास असं प्रमाण आहे. ते पूर्ण वर्गासाठी आहे. त्यात हजेरी, रांगा, वह्या गोळा करणं, गोंगाट शांत होण्याची वाट पाहणं सगळं येतं. घरी तीन-चार मुलांना तेवढे तास बसवू नका. आमच्या अनुभवात धाकट्याला दिवसाला तासभर, मधल्याला दोन, थोरल्याला तीन ते साडेतीन तासांचं नेमकं काम पुष्कळ होतं. वहीत ३६ आठवडे आहेत आणि तारखा कोऱ्या ठेवल्या आहेत. गणपतीत, आजारपणात, लग्नसराईत बंद ठेवा आणि पुढच्या पानापासून सुरू करा. कोरं पान मागे राहत नाही, त्यामुळे अपराधी वाटायचं कारणही राहत नाही.

कागदपत्रं आणि परीक्षा

मुलांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि तो ६ ते १४ वयोगटासाठी आहे. त्यात घरशाळेची नोंदणी किंवा परवाना असं काही नाही. कलम १० मध्ये मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलं आहे, मात्र त्यासाठी पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. हे जसं आहे तसं माहीत असू द्या, नातेवाईक विचारतातच.

दहावीचे दोन रस्ते आमचे ग्राहक जास्त वापरतात. एक म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजेच एनआयओएस. माध्यमिक परीक्षेसाठी १४ वर्षं पूर्ण लागतात, किमान पाच विषय, मराठी माध्यमाचीही सोय आहे. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्यात नऊ संधी मिळतात. अनेक मुलांच्या घराला याचा मोठा फायदा आहे : थोरल्याचे पाचही विषय एकाच मोसमात घेण्याची सक्ती नाही, दोन आता आणि तीन नंतर असं करता येतं आणि धाकट्यांचं वर्ष परीक्षेच्या धसक्यात जात नाही. दुसरा रस्ता राज्य मंडळाचा, खाजगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा अर्ज भरून. इथे आधीच्या शाळेचा दाखला कामाला येतो. म्हणून मुलाला शाळेतून काढताना शाळा सोडल्याचा दाखला मागून घ्या आणि त्याची मूळ प्रत जपून ठेवा. दोन्हीकडचे नियम आणि तारखा अर्ज भरायच्या वर्षी पुन्हा तपासा. थोरला बारा वर्षांचा झाला की रस्ता ठरवायला बसा.

पुस्तकं

पूर्ण संच तीनदा विकत घेऊ नका. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात, जुन्या पुस्तकांच्या दुकानात निम्म्या किमतीत मिळतात आणि एका भावंडाकडून दुसऱ्याकडे जातात. फक्त गणिताचं पुस्तक प्रत्येकाचं स्वतःचं असावं, कारण त्यात गोल करायचे आहेत. बालभारतीचं "किशोर" मासिक १९७१ पासून निघतं; घरात एक अंक आला तरी तिघं भांडून वाचतात.

वही कुणासाठी नाही

घरीच घंटा, तासिका आणि गणवेशासह शाळा भरवायची असेल तर ही वही उपयोगाची नाही. आई-बाबा दोघंही पूर्ण वेळ बाहेर असतील आणि घरात दुसरं मोठं माणूस नसेल, तर वही घेण्याआधी आमच्याशी बोला. काही घरांना आम्ही वही विकलेली नाही, शाळाच सुचवली आहे, आणि पुढेही तसंच करू.

दुकानात येणार असाल तर थोरल्याचं वय पूर्ण वर्षं-महिन्यांत, आधीच्या शाळेचा दाखला आहे की नाही, आणि मागच्या आठवड्यात घरात रोज प्रत्यक्षात काय झालं याच्या चार ओळी लिहून आणा. काय व्हायला हवं होतं ते नको. मुलांनाही बरोबर आणा. चौकटीची हवी की दुरेघी, हे धाकटे स्वतः निवडतील, तेवढ्यात आपण तुमचं पहिलं पान भरून घेऊ.