नदीत सोडलेले आल्टरनेटर

1992 ते 1995, बोस्नियातलं गोराझ्दे शहर वेढ्यात अडकलेलं. बाहेरची वीज बंद, पण गावातून द्रिना नदी वाहतेय, मग लोकांनी तरंगत्या तराफ्यांवर पाणचक्कीसारखी चाकं बसवली, भंगारातले गाड्यांचे आल्टरनेटर (फिरवले की वीज तयार करणारं गाडीतलं यंत्र) आणि जुन्या मोटरी त्यांना जोडल्या, सगळं दोरांनी पुलाला बांधून प्रवाहात सोडलं आणि वायरी थेट घरात नेल्या. एखादा बल्ब लागायचा, रेडिओ चालायचा. वेढ्यात बसलेल्या माणसाला रेडिओवरची बातमी म्हणजे केवढी मोठी गोष्ट!

खरी अडचण असते ती स्पीडची. समजा पाणी सेकंदाला 2 मीटर वेगाने धावतंय आणि चाकाची कड त्याच्या निम्म्या वेगाने फिरतेय, तर 2 मीटर व्यासाचं चाक मिनिटाला जेमतेम 10 फेरे घेणार, आणि आल्टरनेटरला तर नीट चार्जिंग द्यायला हजारभर तरी लागतात. म्हणजे शंभरपट वाढवायचे. 60 सेंमीच्या सायकलच्या रिमवरून 6 सेंमीच्या पुलीवर पट्टा टाकला की दहापट, आणि असं दोनदा केलं की झाले शंभर! अर्थात प्रत्येक पट्ट्यात थोडी ताकद वाया जातेच. जागाही नीट निवडावी लागते, कारण पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते, म्हणून काठापेक्षा मधली धार केव्हाही चांगली.

अजून एक गंमत, जी मला स्वतःला उशिरा कळली. परवा ओळखीच्या गॅरेजमध्ये एक बंद पडलेला आल्टरनेटर उघडून बघितला. आत तांब्याची तार एकदम ठणठणीत, डायोडही (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) चांगले, फक्त दोन कार्बन ब्रश झिजून नखाएवढे उरलेले. आल्टरनेटरच्या आत कायमचं लोहचुंबक नसतं, तिथे असते कॉइल, आणि तिला बॅटरीतून थोडा करंट मिळाला तरच ती चुंबक होते, तो करंट फिरत्या कॉइलपर्यंत पोचवतात ते हेच ब्रश. म्हणून बॅटरी पार मेली असेल तर नदी कितीही जोरात वाहू दे, बल्ब बहुतेक लागत नाहीच. त्यामुळे भंगारात मी आधी बॅटरी शोधेन, अर्धमेली असली तरी चालेल. आणि ब्रश? टॉर्चच्या साध्या जुन्या सेलमध्ये मधोमध कार्बनची कांडी असते, ती घासून मापात बसवली की तात्पुरतं काम भागतं.