जुन्या ट्रकला भंगारातला पार्ट बसवताना

बॉनेटवाल्या जुन्या ट्रकचे काम आमच्याकडे देणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. पार्ट विकत घेण्याआधी वाचावे.

टेल्कोने (आताची टाटा मोटर्स) १९५४ ते १९६९ या काळात डेमलर-बेंझच्या सहकार्याने काढलेल्या ट्रकांचे नवे पार्ट आता सहजी मिळत नाहीत, म्हणून भंगारअड्डा गाठावाच लागतो. तिथे एक पथ्य पाळा: पार्ट एकटा घेऊ नका. त्याला धरणारा ब्रॅकेट, बोल्ट, पुली, पाइप, कापलेल्या वायरीचे टोक, सगळे त्याच गाडीवरून उतरवून घ्या. बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटर स्वस्तात मिळतो. त्याचा ब्रॅकेट नव्याने बनवायला आणि पुली लेथवर कातायला त्याहून जास्त पैसे जातात.

"सगळ्या टाटाला हेच लागते" या शब्दावर विसंबू नका. इंजिनाचा आकडाच सगळे सांगतो. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिमी, ४९७ म्हणजे चार सिलिंडर. ६९७ चा पिस्टन ६९२ मध्ये जाणार नाही.

माल कुठून आला तेही विचारा. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्यावर डिचोली, सावर्डे भागात बरेच टिपर ट्रक जागेवरच उभे राहिले. वर्षानुवर्षे उभ्या गाडीचे ऑइल सील कडक होतात आणि बेअरिंगमध्ये रोलर जिथे टेकलेले असतात तिथेच गंजाचे चट्टे पडतात. बेअरिंग धुऊन, हाताने हळू फिरवून पाहा. खरखर लागली तर घेऊ नका. किनाऱ्याकडच्या गाडीत दोन पत्रे जिथे जोडले जातात तिथे हातोडीने ठोका. खणखणीत आवाज आला नाही तर आत गंज आहे.

पॉवर स्टिअरिंग

या कामाला मागणी जास्त, आणि चुकाही इथेच जास्त होतात. स्टिअरिंग बॉक्स, ड्रॉप आर्म (बॉक्सच्या शाफ्टवर बसणारा दांडा), पंप, ऑइलचा डबा, दोन्ही होज आणि कॉलमचा खालचा जॉइंट एकाच गाडीचे हवेत. ड्रॉप आर्मचे स्प्लाइन (शाफ्टवर बसणारे दाते) आणि पंपाचे प्रेशर बॉक्सप्रमाणे बदलतात. प्रेशर कमी पडले की उभ्या गाडीत स्टिअरिंग जडच राहते.

पैसे देण्याआधी बॉक्सचा इनपुट शाफ्ट डावीकडे फिरवा आणि ड्रॉप आर्म पुढे सरकतो की मागे ते पाहा. आपल्या ट्रकचा जुना बॉक्स काढण्यापूर्वी हीच नोंद करून ठेवलेली असली पाहिजे. दोन्ही बॉक्सची दिशा एकमेकांच्या उलट निघाली तर स्टिअरिंग डावीकडे वळवल्यावर ट्रक उजवीकडे जाईल. असा बॉक्स फुकट मिळाला तरी नको. दिशा जुळली की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजा आणि निम्म्यावर खूण करा. चाके सरळ असताना बॉक्स या खुणेवर हवा, नाहीतर एका बाजूला वळण कमी पडते.

नव्या ड्रॉप आर्मचा बॉल जुन्या बॉलच्याच जागी यायला हवा, उंचीतही आणि पुढे-मागेही. तो वर-खाली झाला की ड्रॅग लिंकचा (ड्रॉप आर्मपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो आणि खड्ड्यात स्प्रिंगचे पाटे दबले की स्टिअरिंग आपोआप खेचले जाते. चोर्ला घाटात हे कळण्यापेक्षा गॅरेजमध्येच पुढची बाजू जॅकवर खाली-वर करून स्टिअरिंग व्हील हलते का ते पाहिलेले बरे.

बॉक्स चासिसला थेट वेल्ड करू नये. चासिसच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीला भोकही पाडू नये. वाकण्याचा ताण तिथेच सर्वात जास्त असतो आणि तडा भोकाच्या कडेपासून सुरू होतो. आम्ही बॉक्स १० मिमीच्या प्लेटवर घेतो आणि ती प्लेट चासिसच्या उभ्या भागाला १०.९ ग्रेडच्या बोल्टांनी आवळतो.

डायनॅमोच्या जागी आल्टरनेटर

आधी व्होल्टेज: १२ ला १२, २४ ला २४. मग बॅटरीचे कोणते टोक चासिसला आहे ते पाहा. उलट जोडल्यास डायोड तत्काळ जळतात. डायनॅमोचा जुना कटआउट (बॅटरीशी जोड-तोड करणारा स्विच) सर्किटमधून काढायचा. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा बल्ब मात्र ठेवायचा, कारण बऱ्याच आल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्यातूनच मिळतो. ६५ अँपिअरसाठी बॅटरीपर्यंत १६ चौरस मिमीची वायर ओढा. पट्टाही मोजा: १३ मिमीचा पट्टा १७ मिमीच्या खाचेत तळाला टेकतो आणि घसरतो.

डिझेल गाडीच्या आल्टरनेटरला पाठीमागे व्हॅक्यूम पंप असेल तर तोही सोबत घ्या. ब्रेक बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम डिझेल इंजिन स्वतः देत नाही. पंपाला इंजिनातून ऑइल लागते आणि परतीचा पाइप संपकडे (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीकडे) सतत उतरता हवा. पाइपला मध्ये चढ राहिला की ऑइल पंपात तुंबते.

चाके

पाच स्टडच्या (चाक आवळायच्या बोल्टांच्या) चाकात एक स्टड सोडून पुढच्या स्टडपर्यंतचे अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजा आणि १.०५१ ने गुणा. तो स्टडच्या वर्तुळाचा व्यास. स्टड सहा, आठ किंवा दहा असतील तर समोरासमोरचे अंतर थेट मोजा. लॉक रिंगवाली (टायर वेगळ्या लोखंडी रिंगने अडकवणारी) रिम तडकलेली, गंजलेली किंवा वेल्ड केलेली असेल तर आम्ही बसवत नाही. हवा भरताना सुटलेली रिंग जीव घेते.

ब्रेकचे होज, लायनिंग आणि सिलिंडरचे रबर भंगारातून कधीच घेऊ नयेत.

कागद

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलण्यासारख्या फेरफाराला वाहतूक खात्याची परवानगी लागते. म्हणून इंजिन क्रमांक लिहिलेले बिल घ्या. आपल्या चासिस क्रमांकाच्या जागेवर घासकाम किंवा वेल्डिंग होऊ देऊ नका.

आमच्याकडे येताना आरसीची प्रत, इंजिनाच्या प्लेटचा फोटो आणि जुना पार्ट सोबत आणावा. जुना पार्ट तुटका असला तरी चालेल. मापे त्यावरूनच घेतली जातात.